सफारीचे भाडे लाखाचे, पण जमीन कोणाची?

दक्षिण आफ्रिकेत क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम सीमेला लागून साबी सँड नावाचे एक खासगी अभयारण्य आहे. क्षेत्र सुमारे ६५ हजार हेक्टर. तिथल्या चांगल्या सफारी लॉजमध्ये एका माणसाचे एका रात्रीचे भाडे आपल्या पैशात लाख रुपयांच्या घरात जाते. वरच्या दर्जाच्या ठिकाणी त्याच्याही पुढे. एक एकर धानात वर्षभर राबून जेवढे हाती पडत नाही, तेवढे तिथे एका रात्रीत वसूल होते.

आता कोणी म्हणेल, साहेब, खताचे आणि बोनसचे बोलायचे सोडून हे आफ्रिकेचे काय काढले? कारण सरळ आहे. ताडोबाच्या गेटाजवळच्या वावरांना आज गिऱ्हाईक आहे. रस्त्याला लागून चार-पाच एकर असले की चहाच्या टपरीवर विचारपूस सुरू होते. हाच धंदा ज्या देशात आपल्या कितीतरी आधी वाढला, तिथे जमीनवाल्याचे काय झाले, हे इसारपावतीवर सही करण्याआधी पाहून घेतलेले बरे.

तिथे राहणे म्हणजे काय?

लॉज म्हणजे मोठे हॉटेल नव्हे. खोल्या मोजक्याच, अनेक ठिकाणी पंधरा-वीसच्या आत. गवताने शाकारलेले छप्पर, आत सगळ्या सोयी. पहाटे पाच-साडेपाचला पाहुण्याला उठवतात. कॉफी घेऊन तो उघड्या जीपमध्ये बसतो. चालवणारा वाटाड्या बंदूक बाळगून असतो आणि गाडीच्या नाकावर लावलेल्या खुर्चीवर माग काढणारा बसतो. हा बहुतेक आजूबाजूच्या गावचा, त्सोंगा बोलणारा माणूस. ओल्या मातीतले पाऊल, मोडलेली काडी, वानराची हाक यावरून बिबट कुठे गेला हे तो सांगतो. आपल्याकडचे जुने गुराखी सांगतात तसेच.

तीन-चार तास फिरून आले की न्याहारी, दुपारी आराम, संध्याकाळी पुन्हा फेरी, रात्री शेकोटीभोवती जेवण. अनेक लॉजना आतल्या बाजूने कुंपण नसते. म्हणून अंधार पडल्यावर पाहुण्याला खोलीपर्यंत सोडायला माणूस सोबत जातो. सरकारी उद्यानात गाडीने रस्ता सोडायचा नाही असा नियम आहे. खासगी रानात सिंहामागे झुडपात गाडी घालता येते आणि एका जनावराजवळ दोन-तीनच गाड्या थांबतात. पाहुणा जादा पैसे मोजतो ते या निवांतपणासाठी.

सेवा उत्तम असते यात शंका नाही. माग काढणारा, स्वयंपाकी, खोल्या आवरणाऱ्या बाया अशा बऱ्याच लोकांना काम मिळते, तेही खरे. पण बिलातला पैसा तीन वाटांनी जातो. एक वाट मजुरीची, दुसरी खर्चाची, तिसरी जमीन आणि लॉज ज्याचे त्याची. शेजारच्या गावाच्या वाट्याला बहुतेक करून पहिलीच वाट येते.

सिंह सरकारचा, बिल खासगी

आपल्या कायद्यात वाघ-हरिण कोणा एकाच्या मालकीचे होत नाही. दक्षिण आफ्रिकेत तसे नाही. १९९१ च्या कायद्याप्रमाणे, जमिनीला पुरेसे कुंपण असल्याचा दाखला असला तर आतले रानजनावर जमीनमालकाचे. ते कुंपणाबाहेर पळाले तरी मालकी सुटत नाही. त्यामुळे तिथे अनेक शेतकऱ्यांनी ढोरं काढून हरणे पाळली.

साबी सँडची गोष्ट थोडी निराळी आहे. या शेतांवर एके काळी गोपालनाचा धंदा करून पाहिला गेला. पाऊस बेभरवशाचा, वर रोगराई आणि सिंह. धंदा टिकला नाही. गोऱ्या मालकांनी ही शेते शिकारीसाठी घेतली, पुढे सगळ्यांनी मिळून अभयारण्य केले आणि शिकारीच्या जागी कॅमेरेवाला पाहुणा आला. १९९३ साली साबी सँड आणि क्रूगर यांच्यामधले कुंपण काढले. क्रूगर हे सुमारे साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरचे सरकारी जंगल. तिथली जनावरे आता मोकळेपणी खासगी रानात येतात-जातात. म्हणजे जंगल राखण्याचा मोठा भार सरकारवर, आणि तोच सिंह खासगी रानात आला की त्याला पाहण्याचे बिल खासगी. ताडोबाच्या शेजारी रिसॉर्ट उभे राहते तेव्हा हिशेब फार वेगळा नसतो, एवढे ध्यानात ठेवा.

कुंपणाबाहेरची गावे

क्रूगरच्या बाजूचे कुंपण गेले, गावाच्या बाजूचे राहिले. त्याच्या पलीकडे बुशबकरिज भागात दाट वस्ती आहे. पाण्याची ओरड, कामाची टंचाई. एवढे लोक तिथे कसे जमले? १९१३ च्या जमीन कायद्याने कृष्णवर्णीयांसाठी देशातली फक्त ७ टक्के जमीन ठेवली. १९३६ मध्ये हे प्रमाण वाढवून १३ टक्क्यांपर्यंत नेण्याचे ठरले. बाकीच्या जमिनीत त्यांना मालक होता येईना. मग माणसे हलवत-हलवत अशा राखीव पट्ट्यांत कोंबली गेली.

आपल्यासारख्या शेतीखात्याच्या माणसाला आणखी एक गोष्ट तिथे दिसते, जी पाहुण्याला दिसत नाही. क्रूगरच्या रानम्हशींच्या अंगात लाळ्या-खुरकूत रोगाचा विषाणू राहतो. म्हशीला त्याचा त्रास जाणवत नाही, पण तो गावातल्या गाईला लागला की झाले. म्हणून जंगलाला लागून एक संरक्षण पट्टा आखला आहे. तिथल्या ढोरांना नियमित लस, ठरावीक दिवशी गोचीड-हौदावर नेऊन तोंड-खूर तपासणी, आणि परवानगीशिवाय जनावर पट्ट्याबाहेर न्यायला बंदी. साहजिकच त्या शेतकऱ्याला बाजार मर्यादित आणि भाव पडता. रानम्हैस पाहायला पाहुणा पैसे मोजतो आणि त्याच म्हशीपायी गावकऱ्याची गाय विकली जात नाही. लॉजच्या जमाखर्चात हा तोटा कुठेच लिहिलेला नसतो.

मकुलेके लोकांनी काय केले

क्रूगरच्या अगदी उत्तर टोकाला, लिंपोपो आणि लुव्हुव्हू या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात मकुलेके लोक राहत होते. १९६९ मध्ये सरकारने त्यांना तिथून उठवले. सुमारे ३ हजार माणसे दक्षिणेला नेऊन टाकली आणि जमीन राष्ट्रीय उद्यानात जोडली. १९९४ मध्ये राजवट बदलली, हिरावलेल्या जमिनी परत मागण्याचा कायदा झाला. मकुलेके लोकांनी दावा लावला आणि १९९८ मध्ये सुमारे २४ हजार हेक्टर जमीन त्यांच्या सामूहिक नावावर परत आली.

इथे त्यांनी जो निर्णय घेतला तो नीट समजून घ्या. ते परत तिथे राहायला गेले नाहीत, जमीन नांगरलीही नाही. विकली तर नाहीच. जंगल जंगलच ठेवायचे, ५० वर्षांचा करार करून उद्यान खात्याबरोबर मिळून कारभार करायचा, आणि लॉजचा हक्क आपल्या हातात ठेवायचा असे ठरले. लॉज चालवायची विद्या आणि भांडवल त्यांच्याकडे नव्हते. ते कंपन्यांकडून आणले. कंपनीने लॉज बांधायचे, चालवायचे, गावच्या पोरांना शिकवून कामावर घ्यायचे आणि उलाढालीतला ठरलेला हिस्सा समाजाच्या संस्थेत भरायचा. मुदत संपली की जमीन समाजाचीच.

उलाढालीतला हिस्सा, नफ्यातला नव्हे. हा शब्द पाठ करून ठेवा. नफा कागदावर कमी करता येतो. कर्जाचे व्याज, घसारा, जाहिरात, मुख्य कचेरीचा खर्च लावला की भरलेले लॉजसुद्धा तोट्यात दाखवता येते. उलाढाल लपवणे त्या मानाने अवघड. किती खोल्या भरल्या हे गावातली खोली आवरणारी बाईसुद्धा सांगू शकते.

सगळे गोड झाले असे मात्र नाही. जानेवारी २०१३ च्या पुरात तिथल्या पाफुरी कॅम्पचे मोठे नुकसान झाले आणि तो बंद पडला, पुढे नव्या कंपनीने उभा केला. २०२० मध्ये करोनामुळे पाहुणेच आले नाहीत. म्हणजे पर्यटन हेही पावसावरच्या पिकासारखेच, एखादे वर्ष हातचे जाते. पण फरक पाहा. ज्याने जमीन विकली त्याची नोकरी गेली की सगळे गेले. मकुलेकेंचा हंगाम गेला, वावर राहिले.

गेली तेव्हा फुकट, आली तेव्हा शंभर कोटीला

दुसरे उदाहरण साबी सँडमधल्याच मालामाला या नावाजलेल्या रानाचे. क्षेत्र १३ हजार हेक्टरच्या वर. तिथून उठवलेल्या लोकांच्या वारसांनी दावा केला. भरपाई किती यावर वर्षानुवर्षे कज्जा चालला. अखेर २०१३ मध्ये सरकारने ती जमीन मालकाकडून सुमारे १०० कोटी रँडला, म्हणजे आपल्या आजच्या हिशेबाने कित्येक शे कोटी रुपयांना विकत घेतली आणि लोकांच्या संस्थेला दिली. लॉज भागीदारीत चालू ठेवले गेले.

ज्या दिवशी माणसे उठवली त्या दिवशी त्या जमिनीला किंमत नव्हती. लॉज उभे राहिले, पाहुणा आला, तेव्हा किंमत चढली. सरकारने मधे पडून खजिना मोकळा केला म्हणून ती परत आली. आपल्याकडे ज्याने राजीखुशीने खरेदीखत करून दिले, त्याच्यासाठी कोणते सरकार शंभर कोटी मोजणार?

आता आपल्या बांधावर या

ताडोबा-अंधारीचे गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर, आणि २०१० मध्ये त्याभोवती सुमारे ११०० चौरस किलोमीटरचे बफर आखले गेले. बफर म्हणजे जंगलच नव्हे, त्यात आपली गावे, आपल्या बांध्या, आपली ढोरं आली. वाघ गाभ्यात जन्मतो आणि बफरमध्ये आपल्या गाई-वासरांवर पोसला जातो. रात्री रानडुकरासाठी जागली आपण करतो. जिप्सी, गाइड, स्वयंपाक यात आपली पोरं लागली, ही चांगलीच गोष्ट आहे. २०१५ पासूनच्या जन-वन विकास योजनेतून बफर गावांत कामेही झाली. पण वावर विकून त्याच वावरावरच्या रिसॉर्टात पोराने ताटे उचलावी, याला विकास म्हणायचे का, ते ज्याचे त्याने ठरवावे.

जमीन विकायचीच नाही असा माझा हट्ट नाही. लग्न, आजारपण, कर्ज, प्रत्येकाच्या मागे काही ना काही आहे. पण रिसॉर्टवाला दारात आला तर एवढे करा.

पहिले, विक्रीच्या आधी भाडेपट्ट्याचा विषय काढा. मुदत, दर काही वर्षांनी भाडेवाढ आणि मुदतीनंतर बांधकामासह जमीन परत, हे तिन्ही कागदावर घ्या आणि पट्टा नोंदणीकृत करा. दुसरे, ठोक भाड्याशिवाय उलाढालीत हिस्सा मागा. तिसरे, किती स्थानिकांना काम आणि शिक्षण देणार हा आकडा करारात लिहून घ्या, तोंडी नको. चौथे, विहीर-बोअरचे पाणी किती उपसणार, सांडपाणी कुठे सोडणार आणि गावाची चराईची वाट मोकळी राहणार का, हे ग्रामसभेत विचारा. पाचवे, आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. नोकराच्या नावावर करून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

चार शेजारी मिळून लहान प्रमाणात स्वतः करायचे असेल तर राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे. पर्यटन खात्याकडे नोंदणी होते. दोन-तीन स्वच्छ खोल्या, झुणका-भाकर, मोहफुलाचे लाडू, धानाच्या बांधीवरची फेरी. लाखाचे भाडे येणार नाही. पण जे येईल ते सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याच्याच घरात येईल.

सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्यांना एकच विनंती. ना हरकत दाखल्याचा विषय आला की तो मासिक सभेत दोन मिनिटांत उरकू नका. ग्रामसभा बोलवा, करार मोठ्याने वाचून दाखवा, बायाबापड्यांना प्रश्न विचारू द्या. मकुलेके लोकांना आपली जमीन परत मिळवायला जवळपास ३० वर्षे लागली. आपली अजून आपल्याकडेच आहे.