मोसम चाळीस मिनिटांचा का असावा?
नव्या हंगामाआधी तालुक्याच्या कॉलेज संघांचा हिशेब

ॲडमिशनची धावपळ संपली की जिमखान्याच्या फलकावर कबड्डी आणि खो-खोच्या निवड चाचणीची सूचना लागते. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम या पाचही जिल्ह्यांत हेच चित्र असतं. मग चांदूर रेल्वेच्या चहा टपरीवर प्रश्न येतो, "यंदा आपली टीम कशी आहे बे?" उत्तर एका वाक्यात संपतं. "रेडर भारी आहे." नाहीतर, "शहरवाल्यांसमोर काय टिकणार राजेहो!"

दोन्ही उत्तरं घाईची आहेत. संघ कसा आहे हे सांगायचं तर आधी त्याच्यापुढचा रस्ता पाहायला हवा.

एक हार, वर्ष पार

रस्ता असा आहे. आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. तिथले खेळाडू आणि निवड चाचणी यातून विद्यापीठाचा संघ, म्हणजे आपले 'कलर होल्डर'. हा संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशातल्या विद्यापीठांशी भिडतो. तिथं वरच्या क्रमांकात आला तर अखिल भारतीय स्पर्धा, आणि त्याच्याही पुढे २०२० मध्ये भुवनेश्वरला सुरू झालेली खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स.

शिडी उंच आहे, पण अडचण पहिल्याच पायरीवर आहे. आंतरमहाविद्यालयीन सामने बहुतेक वेळा बाद पद्धतीनं होतात. समजा ३२ संघ आले. पहिल्या फेरीत १६ सामने आणि १६ संघ घरी. म्हणजे अर्ध्या पोरापोरींचा वर्षाचा मोसम एका सामन्यात आटोपतो. कबड्डीत मुलांसाठी ही ४० मिनिटं, मुलींसाठी ३०. तेवढ्यात पाय घसरला, पहिल्याच चढाईत मुख्य खेळाडू जायबंदी झाला किंवा ड्रॉमध्ये समोर गतविजेते आले, तर विषय संपला. कच्च्या संघातला पक्का खेळाडू निवड समितीच्या नजरेत भरायलाही तेवढाच वेळ.

यात डावावर लागतं ते फक्त कॉलेजचं नाव नाही. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी कोणत्या स्तरावरच्या स्पर्धेतलं आणि कितव्या क्रमांकाचं प्रमाणपत्र लागतं, हे नियमांनी ठरलेलं आहे. नुसतं "कॉलेजकडून खेळलो" एवढं तिथं पुरत नाही. म्हणून त्या ४० मिनिटांचं मोल मोठं आहे.

संघ तोलायचा कसा?

यंदाचा संघ पाहताना चार गोष्टी तपासा.

पहिली, कोण गेलं आणि कोण आलं. कॉलेजचा संघ दरवर्षी अर्धा रिकामा होतो. फायनलची बॅच गेली की कोपरा सांभाळणारे दोघे एकदम जातात. चढाईपटू बारावीतून तयार येऊ शकतो, पण कोपरा आणि कव्हर यांची जोडी सोबत खेळूनच जमते. त्यामुळे जुना बचाव आणि नवा रेडर असलेला संघ हा नवा बचाव आणि जुना रेडर असलेल्या संघापेक्षा सहसा भरवशाचा.

दुसरी, माती की मॅट. आपल्याकडचा सराव मातीवर, तोही काळ्या मातीच्या पट्ट्यात. जुलै-ऑगस्टमध्ये मैदानाचा चिखल होतो आणि आखणी दिसेनाशी होते. वरच्या स्पर्धा मात्र मॅटवर, बूट घालून. मातीवर घसरत जाऊन घोटा धरणारा पोरगा मॅटवर बुटाच्या पकडीमुळे अडखळतो. स्पर्धेआधी आठ दिवस जरी मॅट मिळाली तरी फरक पडतो.

तिसरी, बाकावर कोण बसलंय. मैदानात सात असले तरी सामना राखीव खेळाडूंवरही फिरतो. सलग दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी 'डू ऑर डाय' असते. ती घ्यायला दुसरा माणूस नसेल तर समोरचा संघ एकाच रेडरला घेरतो.

चौथी, मुलींचा संघ पूर्ण आहे का. तालुक्याच्या कॉलेजात मुली खेळायला तयार असतात, अडचण संध्याकाळच्या एसटीची असते. सराव सहाला संपला आणि गावाची शेवटची गाडी साडेपाचची असेल, तर संघ कागदावरच राहतो. ज्या कॉलेजनं सराव सकाळी घेतला, तिथला मुलींचा संघ यंदा पुढे दिसेल. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारतानं दोन्ही गट जिंकले आणि दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचेच होते, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. आता पोरीला खो-खो कशाला, हे घरी विचारायचं कारण उरलेलं नाही.

अमरावतीचं वजन

शहराचा दबदबा उगाच नाही. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून अमरावतीत उभं आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकानं कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं तिथं दाखवली होती. शारीरिक शिक्षण हाच ज्यांचा अभ्यासक्रम आहे, ते रोज मैदानावर असतात. आपल्याकडचा बीएचा पोरगा तास, शेत आणि गाडीचं टाइमटेबल सांभाळून खेळतो.

त्यात ऑक्टोबर येतो. सोयाबीनची सोंगणी, दिवाळी आणि हिवाळी परीक्षा एकापाठोपाठ एक. स्पर्धेच्या तारखा नेमक्या याच दिवसांच्या आसपास पडल्या की कॅप्टनला सात जण जमवताना घाम फुटतो. तालुक्याचे संघ पहिल्या फेरीत हरतात याचं कारण अंगात दम नाही असं नसतं. ते एकत्र खेळलेलेच नसतात.

काठीला जाळी लावणाऱ्यांकडून

आता जरा दूर जाऊ. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची बैठक झाली. तिथं २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी पाच खेळांना मंजुरी मिळाली. क्रिकेटची बातमी आपण सगळ्यांनी वाचली. त्याच यादीत लॅक्रोसही होता. जाळी लावलेल्या काठीनं चेंडू झेलत, फेकत गोल करायचा हा उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींचा जुना खेळ. ऑलिम्पिकमध्ये तो सहा-सहा खेळाडूंचा असेल.

आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत लॅक्रोसचे अधिकृत संघ नाहीत. तिथं विद्यार्थ्यांनी क्लब काढलेत. खेळाडू स्वतः वर्गणी भरतात, प्रवासाचे पैसे जमवतात, वेळापत्रक लावतात. अशा क्लबांची देशव्यापी संघटना आहे आणि वसंत ऋतूत त्यांचे नियमित लीग सामने होतात. मोसमाआधी कोणता संघ किती पाण्यात आहे यावर तिथं पानंच्या पानं लिहिली जातात, कारण मोजायला मागच्या वर्षीचे सामने असतात. आपल्याकडे अंदाज बांधायला सामनेच नसतात.

चार गावं, बारा सामने

मग आपण काय करू शकतो? चांदूर रेल्वे, धामणगाव रेल्वे, तिवसा आणि नांदगाव खंडेश्वर. चारही तालुक्यांच्या ठिकाणी कॉलेज आहे, अंतर सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याइतकं. प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा घरी, एकदा बाहेर खेळायचं ठरवलं तर एकूण १२ सामने होतात आणि प्रत्येक संघाला ६ मिळतात. ऑगस्टच्या अखेरीपासून दर रविवारी दोन सामने लावले तर सहा रविवारांत लीग संपते, सोंगणीच्या आत.

खर्च म्हणाल तर प्रवास, चुना, शिट्टी आणि पोह्यांचा. पंच म्हणून कॉलेजचे माजी कलर होल्डर आनंदानं येतील. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत सहअभ्यासक्रमाच्या क्रेडिटमध्ये खेळ आहेच, त्यामुळे क्रीडा विभागाच्या सरांकडे जाताना हात रिकामे नसतील. दोन अटी मात्र आधीच लिहून घ्या. प्राचार्यांची लेखी परवानगी, आणि मुलींचे सामने त्याच दिवशी, आधी.

याने शहरातले बलाढ्य संघ यंदाच हरतील, असं कोणी म्हणत नाही. पण सहा सामने खेळून आलेला संघ पहिल्या फेरीत गांगरत नाही. कोणता कोपरा कच्चा आहे आणि तिसरी चढाई कोणी घ्यायची, हे त्याला ठाऊक असतं. निवड समितीला सांगायला आकडेही असतात. एवढ्या चढाया, एवढे गुण, एवढ्या पकडी.

त्यासाठी एक वही लागेल, आणि स्कोअर लिहायला न खेळणारा एक मित्र किंवा मैत्रीण. निवड चाचणीची सूचना लागली की त्याच दिवशी बाकीच्या तीन कॉलेजांच्या कॅप्टनना फोन करा.