साडेचारची बस आणि आपलं मंडळ

अमेरिकन सिनेमातली फ्रॅटर्निटी म्हणजे पार्ट्या नि रॅगिंग. पण फाय बीटा कप्पा १७७६ साली व्हर्जिनियात सुरू झाली ती साहित्य आणि वादविवादासाठी. म्हणजे जवळजवळ आपलं मराठी मंडळच! फक्त त्यांना साडेचारची बस पकडायची नव्हती.

पेडणे-डिचोलीची मुलं दोन-दोन बसेस बदलून येतात. बैठक चारला ठेवली की नेमकी तीच गळतात. मग गावच्या जत्रेत रात्रभर दशावतार बघत वाढलेल्यांना वगळून आपण मराठी नाटकावर चर्चा करतो. कमाल आहे! मी कॅथलिक, घरी कोंकणी. माझं निम्मं मराठी त्यांच्याशीच बोलून आलंय. बैठक मधल्या सुट्टीत घ्या ना. समोसे नसले तरी चालतील.