एकच पुस्तक म्हणजे समता नव्हे



इंग्रजी शिकावी की नाही, हा वाद आमच्यापुरता कधीच मिटलाय. सावित्रीबाईंनी १८५४ च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकण्याची हाक दिली तेव्हाच मिटला. स्वतःची पोरं कॉन्व्हेंटात घालायची आणि मातृभाषेचा उपदेश आमच्या वस्तीला करायचा, हे नाटक आता जुनं झालं.

आजचा सवाल वेगळा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं खाजगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा राखल्या. २०२४ साली सरकारनं या दाराला कडी घालायचा बेत केला, तो मुंबई हायकोर्टानं हाणून पाडला. ठीक. पोर गेटातून आत गेलं. पण धड्यात शिरलं काय?

घरात इंग्रजीचा शब्द नाही. बाई इंग्रजीत धडा सांगतात, वर्ग माना डोलावतो, आणि आमचं पोर फळ्यावरची अक्षरं चित्रासारखी वहीत उतरवतं. शाळा विचारते, “सगळ्यांना एकच पुस्तक, एकच बाई, एकच बाक. भेदभाव कुठंय?”

हा युक्तिवाद अमेरिकेत कोर्टात आपटला. सॅन फ्रान्सिस्कोत इंग्रजी न येणारी सुमारे १,८०० चिनी पोरं कसल्याही जादा मदतीविना वर्गात बसवली होती. जानेवारी १९७४ मध्ये ‘लाउ विरुद्ध निकोल्स’ खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टानं बजावलं की, ज्याला भाषाच कळत नाही त्याला तेच पुस्तक आणि तोच मास्तर दिला म्हणून समान वागणूक होत नाही. निकालाचा आधार होता १९६४ चा नागरी हक्क कायदा. तो काळ्यांच्या लढ्यातून आला. त्या लढ्याशी आमचं नातं ‘पँथर’ या नावाइतकं जुनं आहे.

मदत कशी करायची, हे मात्र कोर्टानं ठरवून दिलं नाही. इथं सोपी वाट दिसते: कच्ची पोरं उचला, दुसऱ्या खोलीत न्या, शब्द घोकून घ्या. तेवढ्यात वर्गात अपूर्णांक शिकवून संपलेले. पोर परत येतं ते गणितातही मागं पडून. मागं पडलं म्हणून पुन्हा त्याच खोलीत. मदतच पायातलं खोडं होते. वर त्या खोलीला नाव पडतं, ‘ढ’ पोरांची खोली. शाळेत भीमरावांना कोपऱ्यात वेगळ्या गोणपाटावर बसावं लागे. गोणपाट गेलं आणि कोपरा राहिला, हे आम्ही चालू देणार नाही. २५ टक्क्यांतल्या पोरांना वर्गात वेगळं पाडू नये, त्यांचे वर्ग वेगळ्या जागी, वेगळ्या वेळी भरवू नयेत, असं केंद्राच्या २०१० च्या आदर्श नियमांतच लिहिलंय.

मग सगळा वर्ग थांबवायचा? कशाला? धडा सर्वांना एकच द्या, त्यात शिरायच्या वाटा जास्त करा. आधी मुद्दा पोराच्या भाषेत सांगा. कळीचे पाचसहा इंग्रजी शब्द चित्रासकट फळ्यावर ठेवा. शेजारच्या पोराशी मराठीत, हिंदीत, जमेल तशा भाषेत बोलू द्या. मग उत्तर इंग्रजीत मागा, अर्धं वाक्य आलं तरी घ्या. यानं हुशार पोराचं काही अडत नाही. पाठ केलेलं त्यालाही समजू लागतं. काहींना सुरुवातीला वेगळा तास लागेल, जरूर द्या. पण तो गणित-विज्ञान कापून नको, उद्याच्या धड्याची तयारी करणारा हवा, आणि त्यातून बाहेर पडायची तारीख ठरलेली हवी.

हे ओझं एकट्या बाईंच्या डोक्यावर टाकून मोकळं होणं हीही लबाडीच. प्राथमिक वर्गाला तीस पोरांमागे एक शिक्षक हे कायद्याचं माप. ते पाळा. जोडीला मदतनीस शिक्षक द्या.

दोस्तांनो, शिकलेल्यांनो, भाषण पुरे. पालकसभेला वस्तीतल्या आईबापांबरोबर जाऊन बसा. तीनच प्रश्न विचारा: आमचं पोर कोणता तास बुडवून बाहेर काढता? तिथं काय शिकवता? परत कधी आणता? उत्तर लेखी घ्या. इंग्रजी आम्हाला हवीच, पण वर्गाच्या मधोमध बसून हवी.

जय भीम!