घर आधी की पाणी आधी?

तुमच्या कॉलेजचा एखादा सीनियर एमएस करायला अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत गेला असेल, तर त्याचे फोटो बघून तुम्ही एकदा तरी विचारलं असेल, ‘अरे, हे वाळवंट आहे ना? मग एवढी हिरवळ आली कुठून?’ प्रश्न अगदी बरोबर आहे. फक्त तो तिथेच सोडून देऊ नका, कारण त्याचं उत्तर तुमच्या-माझ्या घरापर्यंत येऊन पोहोचतं.

युनिव्हर्सिटीचं मुख्य कॅम्पस टेम्पीमध्ये आहे. तिथून गाडीने थोडं पुढे गेलात की गिल्बर्ट लागतं. फिनिक्स महानगराचं हे एक उपनगर. मैलामैलावर एकमेकांना काटकोनात छेदणारे रुंद रस्ते, मधल्या चौकोनांत एकाच साच्यातली घरं, प्रत्येक घराला गॅरेज, मागे बऱ्याचदा पोहण्याचा तलाव. आपल्या सोसायटीची कमिटी कशी गॅलरीत कपडे वाळत घातले म्हणून नोटीस काढते, तशीच तिथेही घरमालकांची संघटना असते. घराला कुठला रंग द्यायचा आणि अंगण कसं ठेवायचं हे ती सांगते. पायी चालणारा माणूस मात्र जुना बाजार सोडला तर क्वचितच दिसेल.

हे गाव वाढलं कसं, ते आकड्यांत बघा. १९८०च्या जनगणनेत गिल्बर्टची लोकसंख्या होती ५,७१७. २०२० मध्ये ती २,६७,९१८ झाली. चाळीस वर्षांत जवळपास ४७ पट! गंमत म्हणजे सरकारदरबारी ते आजही ‘शहर’ नाही. नावापुढे अजून ‘टाऊन’च लावतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथून रेल्वेने इतका चारा जायचा की गाव स्वतःला जगाची ‘चारा राजधानी’ म्हणवून घ्यायचं. पुढे १९७०च्या दशकात गावाच्या कारभाऱ्यांनी आजूबाजूची तब्बल ५३ चौरस मैल जमीन हद्दीत ओढून घेतली. तेव्हा लोकं मूठभर होती. पण शेजारच्या चँडलरमध्ये इंटेलचा कारखाना उभा राहिला, एसी घरोघरी पोहोचलाच होता, आणि चाऱ्याच्या शेतांवर घरं उगवायला लागली. आज या सगळ्या पट्ट्यातल्या चिप कंपन्यांत मराठी इंजिनीअरही काम करतात.

आता यावर आपली ठरलेली प्रतिक्रिया काय असते? ‘वाळवंटात शहर वसवायचं म्हणजे वेडेपणा.’ मला हे मत आळशी वाटतं. त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं म्हणजे हे वाळवंट कधी निर्मनुष्य नव्हतंच. हजार वर्षांपूर्वी होहोकाम लोकांनी इथे शेकडो मैलांचे कालवे खोदले होते. आधुनिक फिनिक्सचे काही कालवे त्यांच्याच वाटेने जातात. दुसरं, अ‍ॅरिझोनाच्या पाण्यातला सर्वांत मोठा वाटा आजही घरं पीत नाहीत, शेती पिते. सुमारे ७० टक्के! चाऱ्याच्या एका एकराला जेवढं पाणी लागतं, त्यापेक्षा त्याच एकरावर उभ्या राहिलेल्या घरांना साधारणपणे कमीच लागतं. म्हणजे गिल्बर्टमध्ये शेतं जाऊन बंगले आले, तेव्हा एकरी पाणी वाढलं नाही, उलट घटलं. शिवाय वापरलेलं पाणी शुद्ध करून ते तळ्यांत सोडतात आणि जमिनीत मुरवतात. अशा तळ्यांभोवती तिथे ११० एकरांचं राखीव क्षेत्र आहे. तिथे पक्षी बघायला लोक दुर्बिणी घेऊन जातात. आपल्याकडे सांडपाणी सोडलं त्या जागेवरून आपण नाक दाबून जातो.

पण मला तुम्हाला सांगायचीय ती गोष्ट वेगळीच आहे. १९८० साली अ‍ॅरिझोनाने भूजलाचा कायदा केला. फिनिक्ससारख्या भागात नवी वसाहत पाडून प्लॉट विकायचे असतील, तर विकणाऱ्याने आधी दाखवायचं की पुढची १०० वर्षं पुरेल एवढं पाणी आहे. ‘पाइपलाइन येणारच आहे’ हे चालत नाही. किंवा मग ज्या शहराच्या पाणीपुरवठ्याला अशी १०० वर्षांची मान्यता आहे, त्याचं पाणी घ्यायचं. गिल्बर्टकडे ती मान्यता आहे.

कायदा कागदावरच राहिला असेल, असं वाटतंय ना? जून २०२३ मध्ये सरकारने फिनिक्स परिसराच्या भूजलाचा नवा हिशेब मांडला. १०० वर्षांच्या मागणीत साधारण ४ टक्के तूट दिसली. फक्त ४ टक्के, तीही शंभर वर्षांत! तेवढ्यावर सरकारने जाहीर केलं की निव्वळ भूजलाच्या भरवशावर नव्या वसाहतींना इथे परवानगी नाही. बकायसारख्या, झपाट्याने वाढणाऱ्या उपनगरांना त्याचा थेट फटका बसला. बिल्डर लॉबी तिथेही आहे आणि ती चिडलीही. तरी निर्णय झाला.

एवढं ऐकून टाळ्या वाजवणार असाल तर जरा थांबा. कायदा आला की पळवाट येतेच. सहापेक्षा कमी प्लॉट पाडले, तर या कायद्याच्या भाषेत ती वसाहतच होत नाही. मग काय, जमिनीचे पाच तुकडे करायचे आणि विकायचे. पुन्हा पाच करायचे, पुन्हा विकायचे. आपल्याकडच्या गुंठेवारीचा हा अमेरिकन भाऊच. स्कॉट्सडेलच्या बाहेर रिओ व्हर्डे फूटहिल्स नावाची वस्ती अशीच वाढली. शेकडो घरं टँकरवर चालत होती आणि टँकर भरायचे स्कॉट्सडेलच्या नळावर. कोलोरॅडो नदी आटत चालली, तसं स्कॉट्सडेलने आधी इशारा दिला आणि १ जानेवारी २०२३ पासून हद्दीबाहेर जाणाऱ्या टँकरचं पाणी बंद केलं. लाखो डॉलरच्या बंगल्यांत राहणारी माणसं कागदी प्लेटमध्ये जेवायला लागली आणि पावसाचं पाणी बादलीत धरायला लागली.

कोलोरॅडोचं नाव आलंच आहे तर तेही बघू. या नदीचं पाणी ५४० किलोमीटर लांबीच्या कालव्याने, पंप लावून चढावर चढवत वाळवंटात आणलं जातं. २०२१ मध्ये नदीवर इतिहासात पहिल्यांदाच अधिकृत टंचाई जाहीर झाली आणि पुढच्या वर्षी अ‍ॅरिझोनाचं सुमारे २२ टीएमसी पाणी कापलं गेलं. तोटा झाला मुख्यतः पिनाल काउंटीच्या शेतकऱ्यांचा. उपनगरांचे नळ चालूच राहिले. पाणी शेताचं की शहराचं, हे भांडण आपल्याला काही नवीन नाही.

आणि सगळ्यांच्या आधी ज्यांचं पाणी गेलं, ते चँडलरच्या शेजारीच राहतात. अकिमेल ओओधाम, म्हणजे ‘नदीची माणसं’. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वरच्या अंगाला आलेल्या लोकांनी हिला नदी वळवली आणि या शेतकरी समाजावर उपासमारीची वेळ आली. दशकानुदशकं भांडून २००४ मध्ये अमेरिकेच्या संसदेच्या कायद्याने त्यांना वर्षाला सरासरी ६,५३,५०० एकर-फूट पाण्याचा हक्क मिळाला. म्हणजे साधारण २८ टीएमसी. पुण्याच्या खडकवासला साखळीतल्या चारही धरणांची क्षमता मिळून सुमारे २९ टीएमसी आहे, यावरून अंदाज घ्या. आज आसपासच्या शहरांना या समाजाशी पाण्याचे करार करावे लागतात.

उन्हाचंही सांगायला हवं. २०२३ मध्ये फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या पुढे होता. चंद्रपूरकर म्हणतील, त्यात काय! पण सलग १६ रात्री तो ३२ अंशांच्याही खाली आला नाही. त्या वर्षी तिथल्या मॅरिकोपा काउंटीत उष्णतेने ६४५ माणसं गेली. त्यांतली बरीचशी बेघर होती. एसी असलेल्या घरात वाळवंट सुंदर दिसतं, बाहेर राहणाऱ्याला ते मारतं.

म्हणून गिल्बर्ट आदर्श आहे असं मी म्हणणार नाही. पण वाळवंटाने त्या लोकांना एक सवय लावली. पाणी कुठून येणार, हे घर विकण्याआधी विचारायची सवय. आपल्याकडे चार महिने पाऊस कोसळतो, त्यामुळे आपण ते गृहीत धरतो. पुण्याच्या कडेला मी ज्या सोसायटीत पीजी म्हणून राहते, तिथे मार्च उजाडला की टँकर सुरू होतात आणि त्याचे पैसे भाड्यात येतात. ब्रोशरमध्ये क्लब हाउस होतं, जिम होती, ‘रेन डान्स’ होता. टँकरचा फोटो काही नव्हता.

तुमच्यातले काही जण दोन वर्षांत नोकरीला लागतील, भाड्याने घर घेतील. कुणाच्या घरी आत्ताच फ्लॅट बुकिंगची चर्चा चालू असेल. आई-बाबा व्याजदर विचारतील, दादा पार्किंग विचारेल. तुम्ही पाण्याचं विचारा. कुठल्या धरणाचं, किती मंजूर झालंय आणि मंजुरीचा कागद कुठे आहे? सेल्समन हसेल. हसू द्या. कागद बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.