आज्ञाभंगाचे पुण्य

सरकारी नोकरीच्या निमित्ताने परप्रांती येऊन पडलेली मराठी माणसे एकत्र जमली की बोलणे कोठून निघून कोठे जाईल याचा नेम नसतो. येथील मंडळाच्या एका बैठकीत मध्यंतरी बदल्यांपासून निघालेली चर्चा मुलांच्या करमणुकीवर आली आणि तेथून दूरदर्शनच्या जुन्या दिवसांवर गेली. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने दाखविलेल्या ‘जायंट रोबॉट’ या जपानी मालिकेचे नाव कोणी तरी काढले, आणि पन्नाशीला आलेल्या चार-पाच गृहस्थांच्या चेहऱ्यांवरची वर्षे पाहता पाहता गळून पडली. मनगटावरच्या घड्याळात तोंड घालून त्या अजस्र यंत्राला हुकूम सोडण्याचा खेळ सरकारी वसाहतीच्या गच्चीवर आपण कसा खेळलो, हे जो तो सांगू लागला. मालिकेचा शेवट आठवताच मात्र सगळे क्षणभर गप्प झाले.

त्या गप्प होण्यावरच आमच्यातील एका ज्येष्ठ स्नेह्यांनी आक्षेप घेतला. त्यांचा व्यासंग आणि अधिकार मला मान्य आहे. म्हणूनच त्यांचे म्हणणे तेथल्या तेथे सोडून देणे मला प्रशस्त वाटत नाही. ते म्हणाले, “तो शेवट मुलांपुढे येता कामा नये होता. एक तर तो निष्कारण क्रूर आहे. दुसरे, जपान्यांच्या आत्मघातकी वैमानिकांचा तो छुपा गौरव आहे. आणि तिसरे, ज्या यंत्राने पंचवीस भाग निमूटपणे आज्ञा पाळली, ते सव्विसाव्या भागात आज्ञा मोडते आणि त्याबद्दल त्याला देवत्व मिळते. शिस्तीच्या घरातल्या मुलांनी यातून काय शिकावे?” हे तिन्ही आक्षेप वरकरणी वजनदार आहेत. परंतु माझे स्पष्ट मत असे आहे की, त्या मालिकेत जपून ठेवण्यासारखे जे काही आहे, ते त्या शेवटातच आहे.

ज्यांनी ही मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडी हकीकत सांगितली पाहिजे. मित्सुतेरू योकोयामा या जपानी चित्रकथाकाराची ही कल्पना. तोएई या चित्रसंस्थेने तिच्यावरून सव्वीस भागांची मालिका काढली आणि ती जपानात ११ ऑक्टोबर १९६७ पासून १ एप्रिल १९६८ पर्यंत दाखविली गेली. अमेरिकेत इंग्रजी आवाज चढवून तिचे ‘जॉनी सोको अँड हिज फ्लाइंग रोबॉट’ असे नामांतर झाले. मूळचा दाइसाकू कुसामा हा मुलगा तेथे जॉनी झाला. गिलोटिन नावाचा परग्रहावरचा सम्राट पृथ्वी जिंकण्यासाठी एका शास्त्रज्ञाला वेठीस धरतो आणि त्याच्याकडून इजिप्तच्या फेरोसारख्या मुखवट्याचा प्रचंड यंत्रमानव बांधून घेतो. शास्त्रज्ञ मरता मरता तो तळ अणुस्फोटाने उडवून देतो आणि त्या स्फोटाच्या ऊर्जेनेच यंत्रमानव जागा होतो. त्याला हुकूम देण्याचे साधन योगायोगाने दाइसाकूच्या मनगटावर असते, आणि पहिला आवाज त्याचाच नोंदला गेल्यामुळे यंत्र पुढे केवळ त्याचीच आज्ञा मानते.

प्रत्येक भागात एक नवा राक्षस येतो, मुलगा हुकूम देतो, यंत्र राक्षसाला लोळविते. राक्षस रबराचे आहेत, नगरे खेळण्यांची आहेत, आणि कथानकाचा साचा इतका ठरीव आहे की दहाव्या भागानंतर कोणाही मुलाने पुढचे सांगावे. हे सारे मी मोकळेपणाने मान्य करतो. या मालिकेला अभिजात कलाकृती ठरविण्याचा माझा हट्ट नाही. परंतु शेवटच्या भागात हा साचा मोडतो. गिलोटिन स्वतःच डोंगराएवढा होऊन उभा राहतो आणि सांगतो की, माझे शरीर अणुशक्तीने भरलेले आहे. माझ्यावर शस्त्र चालवाल तर माझ्याबरोबर ही पृथ्वीही जाईल. मारावे तर सर्वनाश, न मारावे तर दास्य. माणसांची बुद्धी येथे संपते. तेव्हा कोणीही न सांगता यंत्रमानव पुढे होतो, त्या सम्राटाला कवेत घेतो आणि आकाशात झेपावतो. मुलगा आक्रोश करून ‘परत ये’ म्हणत राहतो. यंत्र परतत नाही. अवकाशातल्या एका उल्केवर दोघेही आदळतात आणि नाहीसे होतात.

आता पहिला आक्षेप, क्रौर्याचा. मुलांना रडविणे म्हणजे क्रौर्य, असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्या घरातले पुस्तकांचे कपाट एकदा उघडून पाहावे. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ साली प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून मराठी घरांतील पिढ्यान्‌पिढ्या ती वाचून रडत आल्या. तिच्या शेवटी आई जाते. ती वाचून कोणाचे मूल खुरटले असे आपण ऐकले आहे काय? उलट, ते पुस्तक वाचून न रडणाऱ्या मुलाविषयीच आपल्या आयांना काळजी वाटत आली. ‘एकच प्याला’ पाहून डोळे पुसणारे आम्ही, मुलांच्या वाट्याला मात्र नुसती साखर यावी असा आग्रह धरतो. हा आग्रह वात्सल्यातून येत नसून मुलांच्या समजशक्तीविषयीच्या अविश्वासातून येतो. ज्या अमेरिकन व्यापाऱ्यांनी मालिकेतील मुलाचे नाव बदलण्यास मागेपुढे पाहिले नाही, त्यांनीही हा शेवट बदलला नाही. १९७० साली निवडक भाग जोडून त्यांनी जो सलग चित्रपट केला, त्याचाही शेवट तोच ठेवला. मुलांना काय सोसते हे त्या व्यापाऱ्यांना आमच्या विद्वानांपेक्षा अधिक कळले, असे म्हणावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्याचे उत्तर थट्टेने देता येणार नाही. १९४४ च्या ऑक्टोबरपासून जपानच्या लष्कराने तरुण वैमानिकांना शत्रूच्या जहाजांवर विमानांसह आदळण्यासाठी पाठविले, हा इतिहास आहे. त्यानंतर अवघ्या तेवीस वर्षांनी त्याच देशात, मुलांच्या आवडत्या नायकाने शत्रूला कवटाळून स्वतःचा नाश करून घ्यावा, हे पाहून कोणाच्या मनात शंका आली तर मी तिला दोष देणार नाही. पण शंका आणि निकाल यांत अंतर असते. त्या वैमानिकांच्या बाबतीत काय झाले? वर एक सत्ता होती, तिची इच्छा ‘मर’ अशी होती. आणि स्वेच्छेचा कितीही मुलामा दिला तरी त्या इच्छेपुढे ‘नाही’ म्हणण्याची सोय तरुणांना फारशी नव्हती. येथे काय होते? आज्ञा देणारा एक लहान मुलगा आहे आणि त्याची आज्ञा ‘परत ये’ अशी आहे. तेथे आज्ञेने मरण घडविले. येथे मरण घडते ते आज्ञा मोडून. ही दोन चित्रे एकाच रंगाची दिसत असतील तर दोष चित्राचा नसून पाहणाराच्या घाईचा आहे.

किंबहुना मला वाटते की, हा शेवट त्या जुन्या पापाला दिलेले उत्तर आहे. योकोयामा १९३४ साली कोबे येथे जन्मले. १९४५ साली ते शहर बाँबवर्षावात जळाले तेव्हा ते अकरा वर्षांच्या आतबाहेर होते. १९५६ पासून त्यांनी ‘तेत्सुजिन २८’ ही चित्रकथा लिहिली. तिच्यातील महायुद्धाच्या काळात योजलेला लोहमानव दूरनियंत्रकावर चालतो, आणि ते नियंत्रक ज्याच्या हाती पडेल त्याचा तो गुलाम होतो. चोराच्या हाती चोर, सज्जनाच्या हाती सज्जन. शस्त्राला स्वतःचे मन नसते, हे भयंकर सत्य लहानपणी पाहिलेल्या माणसाची ही कल्पना आहे. पुढे अकरा वर्षांनी त्यांच्याच दुसऱ्या कल्पनेवरील मालिकेत, शेवटच्या काही मिनिटांपुरते का होईना, शस्त्राला मन फुटते. ज्या देशाने हिरोशिमा आणि नागासाकी पाहिली, त्या देशातल्या मुलांना अणुस्फोटातून जन्मलेला एक यंत्रमानव दुसऱ्या चालत्या अणुबाँबला उचलून माणसांच्या वस्तीपासून दूर नेताना दिसतो. १९६८ साली जगातली मोठी राष्ट्रे ‘आम्हाला माराल तर सारेच मराल’ या गिलोटिनच्याच भाषेत एकमेकांशी बोलत होती. ही भाषा आजही बंद झालेली नाही.

आता तिसरा आक्षेप. आम्हा सरकारी माणसांना तो सर्वांत जवळचा. यंत्राने आज्ञा मोडली. होय, मोडली. त्यात कथेचा तांत्रिक दुबळेपणाही आहे; जे यंत्र एका आवाजावाचून हलत नव्हते ते आपण होऊन कसे हलले, याचे समाधानकारक स्पष्टीकरण कोणी दिलेले नाही. परंतु ते दिले नाही हे एका परीने बरेच झाले. एखाद्या तारेत बिघाड झाला म्हणून ते हलले, असे सांगितले असते तर तो अपघात झाला असता. स्पष्टीकरण नाही म्हणून तो निर्णय झाला.

या निर्णयाचा अर्थ आमच्या स्नेह्यांनी लक्षात घेतला नाही. पहिल्या पंचवीस भागांत यंत्राने जे चांगले केले, त्याचे श्रेय यंत्राला देता येईल काय? मुळीच नाही. ते पुण्य मुलाच्या आवाजाचे होते. योगायोगाने तो आवाज सम्राटाच्या एखाद्या हस्तकाचा असता, तर त्याच निष्ठेने, त्याच तत्परतेने त्याच यंत्राने तीच नगरे तुडविली असती. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होकाराला नैतिक मोल नसते. म्हणून पंचवीस भागांत आपण जे पाहिले ते एक उत्तम साधन. नायक आपल्याला भेटतो तो सव्विसाव्या भागात, आणि भेटतो तोच जाण्यासाठी.

यावर ‘मग उद्या प्रत्येक कारकुनाने वरिष्ठाचा हुकूम धाब्यावर बसवावा काय?’ असा प्रश्न येणारच. त्याला माझे उत्तर असे, की आज्ञाभंगाचे दोन प्रकार आहेत आणि ते ओळखण्याची कसोटी अगदी सोपी आहे: त्याची किंमत कोण देतो? आळसासाठी, लाभासाठी, अहंकारासाठी हुकूम मोडणारा किंमत दुसऱ्याच्या माथी मारतो. त्याला शिक्षाच हवी. परंतु जो हुकूम मोडून सारी किंमत स्वतःच्या देहावर, स्वतःच्या पदावर घेतो, त्याच्यापुढे शिस्तीनेही मान लववावी. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनानंतर राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारे आणि पुणे सोडून जाणारे रामशास्त्री आपण अभिमानाने स्मरतो. ते काही आज्ञाधारकपणासाठी नव्हे. आमच्या फायलींवर ‘आदेशानुसार’ हा शब्द दिवसातून कितीदा उमटतो! त्या शब्दाच्या आडोशाला उभे राहून आपण किती गोष्टींतून अंग काढून घेतले, याचा हिशेब ज्याने त्याने एकांतात करावा. मीही केला आहे, आणि तो सुखाचा नाही.

ही एकट्या जायंट रोबॉटची लहर नव्हती, हेही सांगितले पाहिजे. त्याच १९६८ साली, ८ सप्टेंबरला, ‘अल्ट्रासेव्हन’ या दुसऱ्या जपानी मालिकेचा शेवट झाला. तिचा नायक थकून मरणाच्या दारात आलेला असतो. पुन्हा रूपांतर करू नकोस, असे त्याच्या ग्रहावरच्या वरिष्ठाने त्याला बजावलेले असते. पृथ्वीवरचा एक सहकारी संकटात सापडतो आणि तो तो आदेश मोडतो. एकाच वर्षात, दोन वेगळ्या संस्थांच्या मालिकांत, मुलांच्या दोन नायकांनी वरून आलेली ‘जपून राहा’ ही आज्ञा नाकारावी, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. ज्या पिढीच्या वडिलांना ‘आम्ही आज्ञा पाळत होतो’ एवढेच सांगता येत होते, त्या पिढीच्या मुलांसाठी या कथा रचल्या गेल्या.

राहता राहिला तो मुलगा. सगळे जण यंत्राच्या मरणाविषयी बोलतात. मला मात्र शेवटी आठवतो तो मनगट तोंडाशी धरून आकाशाकडे पाहणारा दाइसाकू. ज्याच्या एका शब्दावर एवढे सामर्थ्य हलत होते, त्याचा सर्वांत कळवळून उच्चारलेला शब्दच मानला जात नाही. आज्ञा देणाऱ्यालाही एक दिवस शिकावे लागते, की आपल्या हाताखालचा आपल्याहून मोठा निघू शकतो. आणि त्या दिवशी रागवायचे नसते, रडायचे असते. हा धडा कोणत्याही प्रशिक्षण-वर्गात मला मिळाला नाही. तो एका सरकारी निवासातल्या कृष्णधवल पडद्यासमोर, वयाच्या नवव्या वर्षी मिळाला.

आमच्या स्नेह्यांना त्या संध्याकाळी बैठकीतली शांतता दुर्बलतेची वाटली. मला ती शांतता म्हणजे त्या मुलांच्या शिक्षणाचा पुरावा वाटली. त्यांतला प्रत्येक जण आज कोठे ना कोठे आज्ञा पाळतो आणि देतो. पाळताना आणि देताना, क्षणभर का होईना, त्याला आकाशात दूर जाणारा तो ठिपका आठवत असेल, तर शिस्तीला त्यापासून भय नाही. भय असलेच तर गिलोटिनला आहे.