मास्तरांनी किल्ली का दिली नाही?

दोस्तांनो, मागच्या अंकात आपण सॅक भरली. आता तुमच्या निम्म्या पत्रांतला प्रश्न घेऊ : "काका, फिरायचं खूप आहे, पण खिशात पैसे थोडे. राहायचं कुठं नि खायचं काय?"

अरे, सोयी पुष्कळ आहेत! मोठ्या रेल्वे स्टेशनांवर विश्रामकक्ष असतात. काही ठिकाणी तिथं डॉर्मिटरीही असते, म्हणजे एका मोठ्या खोलीत ओळीनं खाटा. अख्ख्या खोलीपेक्षा एक खाट बरीच स्वस्त पडते. मात्र प्रवासाचं तिकीट हवं. तीर्थक्षेत्री धर्मशाळा नि भक्तनिवास असतात. नांदेडच्या गुरुद्वारात यात्रीनिवास आहे आणि लंगरमध्ये सगळ्यांना जेवण मिळतं. तुमची जात, धर्म कुणी विचारत नाही. डोकं रुमालानं झाकायचं, चपला बाहेर काढायच्या, ताटात घेतलेलं टाकायचं नाही. जेवणानंतर भांडी घासायला हात लावलात तर फारच छान.

हरिश्चंद्रगडाला निघालात, तर पायथ्याच्या पाचनई गावात घरगुती जेवण मिळतं. गरम पिठलं-भाकरी! दर आधी विचारा नि किती जण जेवणार तेही आधीच सांगा. चुलीवरच्या भाकरीला वेळ लागतो. आणि तिथं घासाघीस नको.

स्वस्त मुक्कामाची ही कल्पना जुनी आहे बरं का. १९०९ साली जर्मनीत रिखार्ड शिरमान नावाचे एक शिक्षक मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. वाटेत वादळी पावसानं गाठलं. सगळ्यांनी एका गावच्या शाळेत रात्र काढली. मुलं झोपली, मास्तर मात्र विचार करत जागेच! सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, मग तिथं भटक्या मुलांनी का झोपू नये? पुढं १९१२ साली आल्टेना गावच्या जुन्या किल्ल्यात त्यांनी कायमचं यूथ हॉस्टेल सुरू केलं. आज अशी हॉस्टेलं जगभर आहेत, आपल्या देशातही आहेत.

आता माझी गोष्ट. सांगताना आजही कान गरम होतात.

कॉलेजात असताना आम्ही सहा जण भर पावसात एका किल्ल्याच्या पायथ्याशी पोचलो. गावच्या मास्तरांनी काही न विचारता वर्गाची किल्ली हातात ठेवली. पैसेही घेतले नाहीत. रात्री आम्ही अंडी उकडली, गाणी म्हटली, फळ्यावर मोठ्ठ्या अक्षरांत आपापली नावं लिहिली. पहाटे किल्ली उंबऱ्यावर ठेवून गड गाठला. टरफलं नि कागद तिथंच!

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गेलो. मास्तरांनी ओळखलं.

"किल्ली नाही मिळायची," ते म्हणाले. "त्या सोमवारी पहिलीची पोरं तुमची टरफलं वेचत होती."

ते रागावले नव्हते, म्हणून जास्त लागलं. मग हळूच म्हणाले, "गेल्या महिन्यात काही मुलं भिजून आली होती. त्यांनाही नाही म्हणालो. रात्रभर झोप नाही लागली मला."

ती मुलं कोण, कुठली, मला माहीत नाही. पण त्यांना पावसात आम्हीच उभं केलं होतं.

म्हणून निघताना एवढं कराच : जागा झाडा. कचरा सॅकमधून परत आणा. किल्ली हातात द्या आणि 'येतो' म्हणून सांगा. पैसे घेतले नाहीत, तर शाळेला खडूचा डबा तरी द्या.

आई-बाबांनो, मुलांबरोबर एक मोठं माणूस नि प्रत्येकाचं ओळखपत्र असू द्या. मुक्कामाच्या ठिकाणी आधी फोन करा. मुलं एकटी असली तर बऱ्याच ठिकाणी जागा देत नाहीत.

पुढच्या अंकात : वाट चुकली तर काय कराल?

तुमचा,
भटक्या काका