डावो स्पीकर गेलो!

आपल्या पिढीचं म्युझिक खिशात मावतं. बाबांचं उचलायला दोन माणसं लागतात! कॉस्मिकचा अॅम्प्लिफायर, गॅरार्डचा टर्नटेबल आणि कमरेएवढे दोन स्पीकर. ऐंशीच्या दशकात मुंबईत नोकरीला असताना बोनसमधून घेतलेला हा सेट. रेकॉर्ड्स काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधल्या (तेही २०१६ मध्ये बंद झालं). रिटायर होऊन मालवणला जाताना हा सगळा पसारा टेम्पोत गाद्यांच्या मधोमध बसून गेला. आईची भांडी दुसऱ्या फेरीत! हा विषय घरात अजून मिटलेला नाही.

मीही त्याच रोगाचा पेशंट. मित्र मॉलमध्ये फिरायचे तेव्हा मी चोरबाजारात नॉब शोधत असायचो. त्यामुळे परवा बाबांचा फोन आला, 'डावो स्पीकर गेलो रे, येताना काय ता सामान घेवन ये,' तेव्हा मी कोकणकन्याचं तिकीट काढलं. बॅगेत सोल्डरिंग गन, मल्टिमीटर, कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मूठभर कपॅसिटर. आई म्हणते, आजारी पडल्यावर सुद्धा तू इतक्या लवकर येत नाहीस.

समुद्राजवळ जुना स्टिरिओ सांभाळणं म्हणजे काय, हे तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. खारी हवा आत शिरते, सॉकेटवर हिरवट थर धरते, नॉब फिरवला की खरखर. पावसाळ्यात रेकॉर्डवर बुरशी, स्पीकरचा कागदी कोन दमट. त्यात जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयानुसार आतून सुकतच असतात. म्हणजे संशयित भरपूर!

दुपारी जेवण आटपून झाकण उघडलं. सॉकेट पुसले, नॉब साफ केले, मीटर लावून बघितलं. सगळं ठणठणीत. डावा स्पीकर मात्र चूप. तासाभराने लक्ष गेलं... बॅलन्सचा नॉब पूर्ण उजवीकडे! मधोमध आणला, आणि डावा स्पीकर असा काही वाजला की अंगणातलं मांजर पळालं. मी विजयी मुद्रेने बाबांकडे बघितलं. ते आरामखुर्चीत नेहमीच्या जागी.

'अजून डावो वाजणा नाय,' ते म्हणाले.

मला हसू आलं, आणि अर्ध्यातच थांबलं. एवढ्यात त्यांना फोन आला होता, तो त्यांनी उजव्या कानाला लावला होता. मला आठवतंय तेव्हापासून ते डाव्या कानाने बोलतात. डावीकडून आवाज मंद यायला लागला, म्हणून त्यांनी हळूहळू नॉब फिरवत नेला होता. इतकी वर्षं मशीनच बिघडत आलेलं, त्यामुळे संशयही मशीनवरच.

दुसऱ्या दिवशी कुडाळला ईएनटीकडे गेलो. डाव्या कानाचा आलेख पार खाली. डॉक्टरांनी श्रवणयंत्र सुचवलंय. बाबा 'बघूया' म्हणाले. आमच्याकडे 'बघूया' म्हणजे काय, ते मालवणी माणसाला सांगायला नको.

संध्याकाळी मला अॅम्प्लिफायरवरचं एक बटण आठवलं, जे मी आयुष्यात कधी वापरलं नव्हतं... मोनो. स्टिरिओ रेकॉर्डवर काही वाद्यं डावीकडे असतात, काही उजवीकडे. मोनो दाबलं की दोन्ही बाजू एकत्र होऊन दोन्ही स्पीकरमधून सारखंच वाजतं. खरं सांगायचं तर माझ्यासारख्याला हा गुन्हाच वाटतो, एवढी सुंदर रुंद गाणी चपटी करायची! पण दाबलं. खुर्ची सरकवून उजवा स्पीकर उजव्या कानाच्या बाजूला आणला. आर. डी. बर्मनची एलपी लावली.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'ह्या गिटार होती काय ह्यात? आता सगळा ऐकाक येता.'

गेले काही महिने ती गिटार त्यांना भेटलीच नव्हती. मी बटण तसंच दाबून ठेवून निघालो. टर्नटेबल मात्र घरघरतोय. त्याचं रबरी चाक कडक झालंय. ते पुढच्या फेरीत न्यायचंय, आणि श्रवणयंत्राचा विषयही तेव्हाच परत काढायचाय.